पेशी किती घट्ट चिकटते, हेही मोजायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नॅनोरोबोंविषयीच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. रक्तातून पोहत जाऊन कर्करोगाची गाठ हुडकून काढणारे यंत्र, सोबत निळ्या पार्श्वभूमीवरचे एखादे संगणकचित्र आणि शेवटी ‘येत्या काही वर्षांत’ हे आश्वासन, असा त्यांचा साचा ठरून गेला आहे. पुण्यातील एका संशोधन संस्थेत नॅनो पातळीवर काम करणारे एक यंत्र मी चालवते. ते टेबलावर बसलेले असते, कोणाच्याही रक्तात शिरत नाही आणि त्याचे चित्र छापण्याजोगे दिसत नाही. ते जिवंत पेशी दुसऱ्या पेशीला किंवा पृष्ठभागाला किती जोराने चिकटली आहे, एवढेच मोजते. या मोजमापाचा आपल्या राज्याशी, विशेषतः विदर्भातील आणि नंदुरबारकडील सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांशी थेट संबंध पोचतो. परंतु त्याविषयी कोठे चार ओळीही वाचायला मिळत नाहीत, म्हणून हा पत्रप्रपंच.

यंत्राचे नाव ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप. गेर्ड बिनिग, कॅल्व्हिन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी ते १९८६ साली जगापुढे मांडले. नावात सूक्ष्मदर्शक असला, तरी तो पाहण्यापेक्षा चाचपण्याचे काम करतो. सिलिकॉन नायट्राइडची एक लवचिक पट्टी, लांबीला मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाइतकी, तिच्या एका टोकाला अतिसूक्ष्म अणकुची, आणि पट्टीच्या पाठीवर पडून परावर्तित होणारा लेसरचा किरण, एवढाच त्याचा गाभा आहे. पट्टी वाकली की किरण सरकतो, आणि किरण किती सरकला यावरून पट्टी किती वाकली हे कळते. आम्ही वापरतो त्या मऊ पट्ट्यांपैकी एखादी एका नॅनोमीटरने, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांशाने वाकली, तर तिच्यावर सुमारे दहा पिकोन्यूटन बल आले असे समजायचे. पिकोन्यूटन म्हणजे एका न्यूटनचा दशलक्षांशाचा दशलक्षांश. शाळेत शिकवला जाणारा स्प्रिंगचा हूकचा नियम, म्हणजे जितके जास्त बल तितके जास्त वाकणे, येथे जसाच्या तसा लागू पडतो. पट्टीला वरखाली हलवणारे स्फटिक विजेच्या दाबाने नॅनोमीटरच्या अंशापर्यंत नेमके सरकतात, आणि किती खाली जायचे, किती दाबायचे, कोणत्या वेगाने परत यायचे हे सगळे संगणक ठरवतो. ‘रोबो’ हा शब्द वापरायचाच असेल, तर तो या हालचालीसाठी वापरावा.

तांबड्या पेशीवरचे मोजमाप कसे होते, ते थोडे तपशिलाने सांगते. काचेच्या बशीच्या तळाला पेशी धरून ठेवणाऱ्या रसायनाचा पातळ थर देऊन त्यावर रक्ताचा पातळ केलेला थेंब सोडायचा आणि न चिकटलेल्या पेशी हलक्या हाताने धुऊन काढायच्या. अणकुचीवर लॅमिनिन चढवलेले असते. लॅमिनिन हे रक्तवाहिनीच्या अस्तराखालच्या पापुद्र्यातील प्रथिन. अणकुची पेशीच्या मध्यावर आणून हळूच टेकवायची, क्षणभर तशीच ठेवायची आणि सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) या वेगाने वर उचलायची. लॅमिनिनने पेशीवरचा एखादा रेणू पकडला असेल, तर पेशीचे आवरण अणकुचीबरोबर वर खेचले जाते आणि पट्टी खाली वाकत जाते. मग बंध तुटतो आणि पट्टी सुटते. पडद्यावर ही गोष्ट रेषेने उमटते. रेषा उतरत उतरत जाते आणि एकाएकी सरळ वर उडी घेते. त्या उडीची उंची म्हणजे बंध तोडायला लागलेले बल. कधी एकच उडी असते, कधी चार-पाच पायऱ्या लागतात आणि कितीतरी वेळा काहीच नसते. ते ‘काहीच नाही’सुद्धा मोजायचे असते, कारण शंभर स्पर्शांपैकी किती वेळा पकड बसली, यावरून पेशीवर कामाचे रेणू किती आहेत याचा अंदाज येतो. पुढे तोच प्रयोग पेशीवरचे ते रेणू प्रतिपिंडांनी, म्हणजे ठरावीक रेणूलाच जाऊन चिकटणाऱ्या प्रथिनांनी झाकून पुन्हा करायचा. पकड नाहीशी झाली, तरच ती आपण म्हणतो त्या रेणूची होती असे म्हणता येते.

हे सगळे चालू असताना एअर कंडिशनरचा झोत, शेजारची लिफ्ट, रस्त्यावरून गेलेला ट्रक असा प्रत्येक हादरा त्या रेषेत उतरतो. यंत्र हादरे शोषणाऱ्या टेबलावर ठेवलेले असते, तरीही गणेशोत्सवात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की आम्ही मोजमाप पहाटेवर ढकलतो. पट्टीचा ताठरपणा ठरवताना होणारी दहा-वीस टक्क्यांची चूक वेगळीच. हे सांगण्याचे कारण असे की, या क्षेत्रातील कोणताही आकडा दशांश चिन्हापुढे दोन स्थाने देऊन छापलेला दिसला, तर वाचकाने त्याकडे जरा संशयानेच पाहावे.

आता या बलांचा आवाका पाहू. तांबडी पेशी द्रवात बुडालेली असताना तिचे वजन जेमतेम पिकोन्यूटनचा दहावा भाग भरते, आणि एक रेणवीय बंध तोडायला वीस, तीस, पन्नास असे काही पिकोन्यूटन लागतात. म्हणजे एक बंधसुद्धा त्या पेशीचे शेकडोपट वजन पेलू शकतो. परंतु शरीरात पेशीला ओढून नेणारे बल वजनाचे नसते, रक्तप्रवाहाचे असते. केशवाहिन्यांच्या लगेच पुढे ज्या बारीक शिरा सुरू होतात, तेथे अडकलेल्या पेशीवर प्रवाहाचा रेटा ढोबळ हिशेबाने तीसएक पिकोन्यूटन येतो. रेटा आणि बंध अशा तऱ्हेने एकाच मापाचे आहेत. बंध एक असला तर पेशी वाहून जाईल, पाच असले तर राहील, आणि पेशी राहिली की तिच्या मागची वाट अडेल. पेशी ‘चिकट आहे’ एवढे म्हणून येथे भागत नाही, किती चिकट आहे हा आकडाच लागतो.

हा आकडा काढणे जमते, हे दाखवून देणारे काम म्युनिकमध्ये झाले. हेर्मान गाउब यांच्या प्रयोगशाळेत मार्टिन बेनॉइट आणि सहकाऱ्यांनी डिक्टिओस्टेलियम नावाच्या मातीतील अमीबाची एक जिवंत पेशी अणकुची नसलेल्या पट्टीला चिकटवली, ती दुसऱ्या पेशीवर टेकवली आणि परत ओढली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दोन पेशींना जोडणाऱ्या एकेका प्रथिनाचा बंध सुमारे २३ पिकोन्यूटनला तुटतो असे दिसले.

मात्र असा आकडा एकटा घेऊन उपयोग नसतो. जखमेवरची चिकटपट्टी हळूहळू सोलली तर थोड्या जोरात निघते आणि झटक्यात ओढली तर जास्त जोर लागतो, तसेच रेणूंच्या बंधाचे आहे. बंध उष्णतेच्या धक्क्यांनी आपोआपही सुटत असतो. त्याला जितका वेळ द्यावा तितका तो कमी बलात सुटतो. ओढण्याचा वेग आणि तुटण्याचे बल यांचे हे नाते इव्हान इव्हान्स आणि केन रिची यांनी १९९७ साली गणिताने मांडले, आणि तेव्हापासून वेग न सांगता दिलेले चिकटण्याचे बल अर्धवट मानले जाते. त्यातही आणखी एक गंमत आहे. २००३ साली असे दिसून आले की, पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीवर थोपवून धरणाऱ्या पी-सिलेक्टिन या रेणूचा बंध एका मर्यादेपर्यंत ओढल्यावर उलट जास्त वेळ टिकतो. निसर्गाने येथे आपल्या साध्या अंदाजाला चकवले आहे, आणि प्रत्यक्ष ओढून पाहिल्याशिवाय हे कोणालाही कळले नसते.

इतर साधनांचाही उल्लेख करायला हवा. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात २००९ साली पोकळ पट्टी तयार करण्यात आली. तिच्यातून नळीसारखी वाट जाते. किंचित शोषदाब दिला की पेशी टोकाला धरली जाते आणि दाब उलटा केला की सुटते. पेशी पट्टीला डिंकाने डकवण्याची गरज संपल्यामुळे एकामागून एक कितीतरी पेशी मोजता येऊ लागल्या, आणि पृष्ठभागावर चांगल्या पसरलेल्या, शेकडो नॅनोन्यूटनांनी रुतून बसलेल्या पेशीही उपटता येऊ लागल्या. जपानमध्ये नागोया विद्यापीठातील तोशिओ फुकुदा यांच्या गटाने वेगळीच वाट धरली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या ज्या प्रकारात पाण्याची वाफ राखता येते, त्याच्या आत त्यांनी सूक्ष्म हात बसवले आणि पट्टीच्या टोकाला कोरलेल्या नॅनोकाट्याने यीस्टची एकेक पेशी उचलून तिचे चिकटणे मोजले. सगळे डोळ्यांसमोर दिसत असताना मोजायचे, हा त्या पद्धतीचा मोठा गुण. इलेक्ट्रॉनांचा मारा खाल्लेली पेशी कितपत जिवंत म्हणावी, ही शंका मात्र मला त्या पद्धतीविषयी नेहमी वाटत आलेली आहे, आणि रक्ताच्या कामासाठी मी ती सुचवणार नाही.

सिकलसेलकडे वळते. या आजाराचे जे वर्णन आपल्याकडे शाळेत, आशाताईंच्या प्रशिक्षणात आणि भित्तिपत्रकांवर असते, त्यात पेशी विळ्याच्या आकाराची होते, ताठ होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते, असे सांगितलेले असते. ते खरे आहे, पण अर्धे. मिनेसोटाच्या रॉबर्ट हेबेल आणि सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवून दिले की, सिकलसेलच्या तांबड्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला अवाजवी चिकटतात आणि ज्या रुग्णाच्या पेशी जास्त चिकटतात, त्याचा आजारही जास्त तीव्र असतो. नारला मोहनदास आणि वर उल्लेख केलेले इव्हान्स यांनी पुढे १९८४ साली काचेच्या सूक्ष्म नळ्यांनी एकेक पेशी धरून, अस्तराच्या पेशीला लावून हे चिकटणे तपासले, आणि त्यासाठी पेशीच्या आवरणातील बदल आणि रक्तद्रवातील घटक दोन्ही लागतात असे त्यांना आढळले. अडथळा तयार होण्याचा क्रमही नंतरच्या प्रयोगांत उलगडला. आधी कोवळ्या, अजून विळ्यासारख्या न झालेल्या पेशी भिंतीला चिकटतात आणि मग त्यांच्यामागे ताठ झालेल्या पेशी अडकून पडतात. वेदनेचा झटका, ज्याला आपल्याकडील डॉक्टर आणि रुग्णही ‘क्रायसिस’च म्हणतात, त्याची सुरुवात पुष्कळदा अशा चिकटण्यातून होत असावी.

याच पेशींवर अणकुची टेकवण्याचे काम अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठात झाले. मानसिक किंवा शारीरिक ताणात शरीरात वाढणारे ॲड्रिनलिन पेशींना दिल्यावर लॅमिनिनला पकडणारे रेणू जास्त प्रमाणात कामाला लागतात, आणि हे रुग्णांच्याच नव्हे, तर सिकलसेलच्या वाहकांच्या, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेल्या आणि सहसा आजारी नसलेल्या लोकांच्या पेशींवरही दिसते, असे तेथील संशोधकांना आढळले. थंडी, धावपळ, परीक्षा किंवा भीती यांनंतर दुखणे उसळते असे रुग्णांच्या घरचे लोक सांगतात. त्यामागे काय घडत असेल, याचा एक धागा येथे हाती येतो.

पेशीवर चिकट रेणू किती आहेत हे तर फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशी एकामागून एक लेसरसमोरून सोडून, झटपट मोजता येते, मग बल कशाला मोजायचे, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर फ्रान्समधील दोन अभ्यासांत आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध आपल्या सरकारी दवाखान्यांतूनही सिकलसेलच्या रुग्णांना दिले जाते. ते घेणाऱ्या मुलांच्या पेशींवर लॅमिनिनला पकडणाऱ्या रेणूंची संख्या, अपेक्षेच्या उलट, वाढलेली आहे असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. नुसती मोजदाद पाहून कोणीही म्हटले असते की औषध अपाय करते आहे. दोन वर्षांनी पेशींचे प्रत्यक्ष चिकटणे तपासले गेले, तेव्हा ते औषधाने कमी झालेले आढळले, कारण रेणू असले तरी त्यांना कामाला लावणारा फॉस्फेटचा जोड औषधामुळे लागत नव्हता. रेणूंची संख्या आणि त्यांची पकड या दोन वेगळ्या बाबी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

चिकटणे रोखणाऱ्या औषधाची कथाही याच संदर्भात वाचायला हवी. पी-सिलेक्टिनला अडवणाऱ्या क्रिझॅनलिझुमॅबला अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये परवानगी मिळाली, आणि मोठ्या चाचणीत ते बिनऔषधी सलाइनपेक्षा सरस ठरले नाही म्हणून २०२३ साली युरोपात ती परवानगी रद्द झाली. त्या चाचणीत रुग्णांची निवड आधीच्या वर्षातील क्रायसिसच्या संख्येवरून झाली होती. कोणाच्या पेशी पी-सिलेक्टिनमुळे अडकतात आणि कोणाच्या लॅमिनिनमुळे, अशी विभागणी करून ते औषध दिले असते तर निकाल वेगळा लागला असता, असा दावा मी करणार नाही; पण हा प्रश्न विचारण्यासाठी लागणारे माप हाताशी असतानाही तो विचारला गेला नाही, याची खंत वाटते.

आता आपल्याकडचे पाहू. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले आणि वयाच्या चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट त्यात ठेवले गेले. रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी, मग हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी, या क्रमाने वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ठरते, आणि ते ठरायलाच हवे. मात्र एसएस पॅटर्न निघालेल्या, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून दोष आलेल्या दोन भावंडांपैकी एक महिन्याआड दवाखान्यात भरती होते आणि दुसरे बहुतेक वेळ शाळेत जाते, असे का, याचे उत्तर या चाचण्यांत नसते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन किती टिकून आहे यावर बरेच अवलंबून असते, पण सगळे नाही. पेशींचा चिकटपणा हा त्या उरलेल्या भागातील तपासण्याजोगा धागा आहे.

यावर माझ्याच क्षेत्रातील लोक घेतील तो आक्षेप मीच आधी नोंदवते. आमचे यंत्र फार संथ आहे. दिवसभर राबूनही थोड्याच पेशी मोजून होतात, आणि एका रुग्णाच्या थेंबभर रक्तात कोट्यवधी तांबड्या पेशी असतात. त्यामुळे हे यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात बसवा, असे मी म्हणत नाही. लॅमिनिनचा थर दिलेल्या बारीक वाहिकांतून रक्त ठरावीक रेट्याने सोडून किती पेशी भिंतीला चिकटून राहतात हे मोजण्याची सोपी चाचणी विकसित झालेली आहे. तिला महागडे यंत्र लागत नाही, साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. पण त्या चाचणीतील ‘इतक्या पेशी राहिल्या’ या आकड्याचा अर्थ लावायला एकेका पेशीवर पिकोन्यूटनमध्ये मोजलेला आधार हवा, आणि तो आमच्यासारख्या यंत्रांवरच मिळतो. वाहिकांची चाचणी रुग्णाजवळ आणि तिचे प्रमाणीकरण प्रयोगशाळेत, अशी वाटणी करता येईल.

अडचण अंतराची आहे. पेशींवरचे बल मोजणारी यंत्रे आणि ती चालवणारी माणसे पुण्या-मुंबईत आहेत. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत एकेका रेणूवर बलमापन होते, तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) पेशीच्या आत ओझे वाहणाऱ्या प्रथिनांचा जोर प्रकाशाच्या चिमट्याने, म्हणजे सूक्ष्म कण पकडून धरणाऱ्या लेसरच्या किरणाने मोजण्याचे काम झालेले आहे. रुग्ण आहेत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार येथे. हे मोजमाप शक्यतो रक्त काढल्याच्या दिवशीच व्हावे लागते. बर्फाच्या डब्यातून रात्रभर प्रवास करून आलेल्या पेशींचे आवरण बदललेले असते, आणि मग आपण मोजतो तो चिकटपणा रोगाचा की प्रवासाचा, हे सांगता येत नाही. अशी बाटली मी उघडून पाहिलेली आहे आणि पेशी मोजायला न घेताच बाजूला ठेवलेली आहे.

चंद्रपूरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) हिमोग्लोबिनविकार संशोधन, व्यवस्थापन आणि नियंत्रण केंद्र आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी ते राष्ट्राला अर्पण झाले. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेशी त्याचे नाते असल्यामुळे रक्ताची जाण असलेली माणसे तेथे आहेत. अशा ठिकाणी एखादे वापरात नसलेले यंत्र वर्षातून काही आठवडे नेऊन बसवणे, त्यासोबत ते चालवणारा माणूस पाठवणे आणि थोड्याच रुग्णांच्या पेशी हायड्रॉक्सियुरिया सुरू होण्यापूर्वी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने मोजणे, हे खर्चाच्या दृष्टीने अशक्य नाही. देशातील संशोधन उपकरणांची नोंद ठेवणारे आय-स्टेम हे संकेतस्थळ २०२० पासून सुरू आहे, त्यावर कोणते यंत्र कोठे आहे हे शोधता येते. यंत्र रुग्णाकडे नेण्याची सोय मात्र त्या व्यवस्थेत कोणी कल्पिलेली दिसत नाही. मऊ पट्ट्या, लॅमिनिन आणि हादरे शोषणारे टेबल सोबत न्यावे लागेल, आणि रुग्णाला त्याच्या भाषेत, म्हणजे गडचिरोलीत गोंडी किंवा माडियातही, हे रक्त कशासाठी घेत आहोत ते सांगून संमती घ्यावी लागेल. या शेवटच्या गोष्टीला यंत्र लावण्यापेक्षा जास्त वेळ लागेल, असा माझा अंदाज आहे, आणि प्रस्ताव लिहिताना तो वेळ धरायला हवा.

आपल्या वृत्तपत्राच्या विदर्भ आवृत्तीत सिकलसेल तपासणी शिबिरांच्या बातम्या नियमित येतात. त्या देताना प्रतिनिधींनी तेथील डॉक्टरांना एवढे विचारावे की, निदान झालेल्या रुग्णांपैकी कोणाला क्रायसिस वारंवार येतो याची नोंद ठेवली जाते का, आणि ती कोठे पाहायला मिळते. आम्ही मोजलेले बल ज्या नोंदींशी ताडून पाहायचे, त्या नोंदी आधी असायला हव्यात.

आपली,
एक वाचक, पुणे